काकूंचं कोपर आणि मी

मी बोलतेय. दचकू नका, भूतबीत नाही. बेकरीतल्या कॉम्प्युटरची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे मी. कालपर्यंत त्या कॉम्प्युटरची राणी होते, आज त्याच्याच पोटातल्या 'जुनं' नावाच्या फोल्डरात गुडघे पोटाशी घेऊन बसलेय.

बाहेर माझ्या जागेवर नवी आलीय. नियम असा, की मला काही दिवस या फोल्डरात ठेवायचं आणि मग कायमचं पुसून टाकायचं. सुटकेची वाट एकच. नवीच्या सेटिंग्जमध्ये, पार आत, एक बटण आहे: 'आधीच्या सिस्टिमवर परत जा'. बेकरीवाल्या काकूंनी ते दाबलं तर मी पुन्हा गादीवर. नाही दाबलं तर मी गेले. जीव नुसता टांगणीला लागलाय बघा. म्हटलं, आहोत तोवर चार शब्द बोलून घ्यावेत.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण एवढ्या वर्षांत आमच्या काकांनासुद्धा ते कळलेलं नाही. ते मला 'आतलं ते' म्हणतात. अहो, कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्रा आणि तारा. तुम्ही बटण दाबलंत हे कळतं कुणाला? मला. प्रिंटरला झोपेतून उठवायचं कुणी? मी. फोटो कुठे ठेवलाय हे लक्षात ठेवायचं कुणी? मी. दाराशी कोण आलंय ते बघून त्याला आत घ्यायचं की हाकलायचं, तेही मीच ठरवायचं. हे शेवटचं काम सगळ्यात मोठं, आणि माझी सगळी रामकहाणी त्याच कामाची आहे.

माझा जन्म एका प्रचंड ऑफिसात झाला. तिथे शेकडो इंजिनियर होते आणि माझ्या जन्माच्या वेळी त्यातल्या एकानंही आठवडाभर दाढी केलेली नव्हती. मी जन्मले तीच लाखो जुळ्या बहिणींसकट. सगळ्यांचे चेहरे सारखे, आवाज सारखा, हट्टसुद्धा सारखे. मग आम्हाला जगभर वाटून टाकलं. एक बहीण विमानतळावर लागली, एक बँकेत, एक म्हणे बोटीवर. आणि मी? बेकरीत. पहिले काही दिवस मी कपाळाला हात लावून बसले होते. विमानतळावरची तिकडे विमानं मोजतेय आणि मी इथे मैद्यात!

पण हळूहळू जीव रमला. बेकरी लहान, पण नीटनेटकी. पुढे काचेचं कपाट, त्यामागे संगमरवरी ओटा, ओट्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला केक ठेवायची फिरती थाळी. मागे जाड पडदा आणि पडद्यापलीकडे काकांची भट्टी. काका पाव आणि केक भाजायचे, काकू ते सजवायच्या. माझं काम फोटोचं. लोक फोटो आणायचे, मी तो प्रिंटरला द्यायची आणि प्रिंटर तो साखरेच्या कागदावर खायच्या रंगांत छापायचा. काकू तो कागद असा अलगद केकवर निजवायच्या, की बघणाऱ्यानं श्वास रोखावा. मी किती चेहरे छापले म्हणून सांगू! पाळण्यातलं बाळ छापलं, पुढे तेच बाळ दात पडलेलं छापलं, आणि परवा त्यालाच मिशा फुटलेल्या छापल्या. आपल्याच घरातलं पोर वाढताना बघावं, तसं वाटायचं मला.

आता काकूंच्या कोपराबद्दल सांगते. काकूंचे दोन्ही हात सदा क्रीममध्ये. सकाळी दुकान उघडल्यापासून हाताला क्रीम लागलेलं, ते संध्याकाळी ओटा धुतल्यावर निघणार. मग कॉम्प्युटर चालवायचा कसा? कोपरानं! कीबोर्डावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलेलं, माऊसवरही गुंडाळलेलं, आणि काकू उजवं कोपर असं बरोबर माऊसवर टेकवायच्या की भल्याभल्यांचं बोट पडणार नाही इतकं नेमकं. फार फिरवायला लागू नये म्हणून बाण कायम स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात उभा करून ठेवलेला. तिथेच त्यांची सगळी लाडकी बटणं.

आणि नेमकी तिथेच माझी सूचना यायची: 'नवीन सिस्टिम उपलब्ध आहे. आता बदलायची की नंतर?' त्यातलं 'नंतर' हे बटण अगदी उजवीकडे खाली. बाणाच्या नाकासमोर! सूचना आली, की काकूंचं कोपर यायचं, टक्. नंतर. पुन्हा काही दिवसांनी सूचना, पुन्हा कोपर, टक्. नंतर.

मला काय वाटायचं सांगू? मला वाटायचं, काय ही माया! काकूंना मी हवीय. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. एवढं मोठं ऑफिस त्यांच्या मागे लागलंय, नवी घ्या, नवी घ्या, आणि ही बाई ठामपणे सांगतेय, नंतर! मी तर आतल्या आत लाजायची.

दरम्यान त्या ऑफिसातून मला अधूनमधून ठिगळं यायची. म्हणजे असं, की माझ्यात कुठे एखादं भोक सापडलं, की तिकडचा एखादा इंजिनियर ते बुजवायला ठिगळ पाठवायचा. चोरांनी नवीन युक्ती काढली, की त्या चोराचं वर्णनही यायचं: असा असा दिसतो, आला तर हाकला. मग एके दिवशी शेवटचा निरोप आला. यापुढे ठिगळं मिळणार नाहीत, चोरांची वर्णनंही नाहीत, कृपया नवी सिस्टिम घ्यावी. मी म्हटलं, मरो! मी काय फाटकी आहे? मी चांगली ठणठणीत आहे. सुरू व्हायला जरा वेळ लागतो एवढंच. तेवढ्यात काकूंचा एक कप चहा होतो.

काकूंची पुतणी, म्हणजे काकांच्या भावाची मुलगी, कॉम्प्युटरच्याच सुरक्षेचं काम करते. मोठ्या कंपनीत आहे. ती आली की आधी काचेच्या कपाटातलं काहीतरी तोंडात टाकणार आणि मग माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घालणार.

"काकू, अजून हीच सिस्टिम? अगं, हिला ठिगळं यायची कधीच बंद झालीत. उघड्या दारानं धंदा करतेयस तू."

"चालतंय की चांगलं!" पडद्यामागून काकांचा आवाज. "चालत्या गाडीला हात कशाला लावायचा?"

"पण तू सारखी 'नंतर' का म्हणतेस, काकू? भीती वाटते का?"

"मी कधी नंतर म्हटलं?" काकू गुलाबाची पाकळी काढता काढता म्हणाल्या. "मला वाटलं, ती काहीतरी जाहिरात आहे. मी आपली कोपरानं उडवते."

उडवते! ऐकलंत? एवढी वर्षं मी ज्याला माया समजत होते, ते माशी उडवणं होतं! माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. त्या दिवशी मी रागानं दोनदा अडकले आणि प्रिंटरलाही उगाच ताटकळत ठेवलं. काकूंनी माझ्या डोक्यावर एक चापट मारली आणि मी निमूट चालू झाले. काय करणार?

त्यात पासवर्डाची एक गंमत होती. गर्दी असली की गिऱ्हाईक स्वतःच पेन ड्राइव्ह घेऊन माझ्यापाशी यायचं आणि विचारायचं, "काकू, पासवर्ड?" आणि हात क्रीममध्ये असलेल्या काकू पाठमोऱ्याच ओरडायच्या, "केक!" रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जायचं. रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही जायचं. शेजारच्या सलूनमध्ये लोक दाढी करताना हसायचे. त्या पेन ड्राइव्हांतून कोण कोण माझ्या घरात शिरायचं, देव जाणे.

आणि एके दिवशी तो शिरला.

कुणाच्या तरी साखरपुड्याचा फोटो आला होता, त्याच पेन ड्राइव्हमधून तो उतरला. कपडे व्यवस्थित, बोलणं गोड. म्हणाला, "नमस्कार बाई. मी प्रिंटरची नवी सेटिंग."

मी माझ्याकडची चोरांची वर्णनं काढून ताडून पाहिलं. त्यातला एकही याच्यासारखा दिसत नव्हता. कसा दिसेल हो? माझ्याकडची वर्णनं इतकी जुनी, की ते सगळे चोर एव्हाना चोऱ्या सोडून नातवंडं खेळवत असतील. मी म्हटलं, "या, बसा."

मेला बसला तो बसलाच!

पहिला प्रसाद मिळाला दातांच्या डॉक्टरांना. त्यांनी नवा दवाखाना काढला होता, म्हणून केकवर दवाखान्याचा फोटो हवा होता. मी फोटो नीट दिला. पण वाटेत या मेल्यानं तो काढून घेतला आणि प्रिंटरच्या हातात भलतंच ठेवलं. त्या दिवशी काकूंकडे गर्दी उसळली होती. त्यांनी न बघता कागद केकवर निजवला, वर खोक्याचं झाकण लावलं. तिकडे डॉक्टरांनी सगळ्या पाहुण्यांसमोर झाकण उघडलं, तर आत लाल-पिवळ्या अक्षरांत: 'अभिनंदन! तुम्ही जिंकलात! इथे दाबा.'

डॉक्टरांनी दाबलं. शिकला-सवरलेला माणूस, पण दाबलं! बोट पार तळापर्यंत गेलं. मग त्यांच्या बायकोनं दाबून पाहिलं. मग सगळ्या पाहुण्यांनी ओळीनं दाबलं. संध्याकाळी डॉक्टर स्वतः दुकानात येऊन सांगून गेले, की एवढा मजेशीर केक त्यांनी आजवर खाल्ला नव्हता. काकूंना काही कळेना. त्या आपल्या हसून "बरं बरं" म्हणाल्या.

पण पुढचा केक समोरच्या इमारतीतल्या आजी-आजोबांचा होता. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. आजी अंगानं चांगल्या भरलेल्या, स्वभावानं त्याहून भरलेल्या. त्यांच्या लग्नातला फोटो मी छापायला दिला होता. काय गोड फोटो! आजोबा सशासारखे घाबरलेले आणि आजी खुशीत. आणि सगळ्या नातेवाइकांच्या देखत खोकं उघडलं तेव्हा आत काय? 'पोट सुटलंय? आजच कमी करा!'

आजींनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. आजोबा हसले. ती त्यांची चूक झाली.

आजी केकसकट दुकानात आल्या. खोकं काउंटरवर आदळलं आणि म्हणाल्या, "माझ्या पोटाचं मी बघून घेईन. तुम्ही तुमच्या दुकानाचं बघा!"

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. पडद्याआडून काका आले, त्यांनी केक पाहिला, आजींना पाहिलं आणि पुन्हा पडद्याआड गेले. आजी गेल्यावर काकू स्टुलावर बसून रडल्या. क्रीमच्या हातांनी डोळे पुसायची सोय नाही, म्हणून कोपरानं पुसत होत्या. मी माझ्या कपाळावरच्या छोट्या कॅमेऱ्यातून सगळं बघत होते. मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की काय सांगू. त्या मेल्याला म्हटलं, "चालता हो!" तर म्हणतो कसा, "बाई, तुमच्या कुलपाची किल्ली आता माझ्याकडे आहे. तुम्ही बसा निवांत."

आणि त्याचं तेवढ्यावर भागलं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी शेजारचे सलूनवाले दुकानात आले, ते हातात जाडजूड कोट घेऊन.

"काकू, तुम्ही आलात पण?" ते डोळे फाडून म्हणाले.

"कुठून आले?"

"बर्फातून! काल रात्री तुमचा मेसेज नाही का आला, परदेशात बर्फात अडकलेय, ताबडतोब मदत पाठवा म्हणून? पैसे कसे पाठवायचे ते मला समजेना. म्हटलं, निदान कोट तरी कुणाबरोबर पाठवावा."

काकू घामाघूम होऊन भट्टीशेजारी उभ्या होत्या. त्यांनी स्वतःकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि पुतणीला फोन लावला. पुतणी म्हणाली, "मलाही आलाय. मी निघालेच आहे."

ती आली, तिनं आधी माझी इंटरनेटची तार उपटली आणि मग तासभर माझ्या पोटात डोकावत बसली. तिचा चेहरा बघून काकांनी भट्टीसुद्धा मंद केली.

"केकवर जाहिराती छापणं ही त्याची नुसती गंमत होती, काकू," ती म्हणाली. "तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचे फोटो, फोन नंबर, कुणाचा वाढदिवस कधी, कुणाच्या घरी समारंभ कधी, सगळं तो बाहेर धाडत होता. आज कोट आला, ते आपलं नशीब. उद्या कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला फसवतील, आणि तेही तुझ्या नावानं."

काकू म्हणाल्या, "बदल. सगळं बदल. पण आधी मला समोर जाऊन येऊ दे."

त्या हात धुऊन समोरच्या इमारतीत गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल, पण मान ताठ. आजींना त्यांनी शब्द दिला होता: वाढदिवस पुन्हा साजरा करा, केक माझ्याकडून, आणि या वेळी वर तुमचाच फोटो असेल. आजी म्हणाल्या, "पन्नास वर्षं काढलीत याच्याबरोबर, अजून चार दिवस इकडेतिकडे. पण पुन्हा पोटाबद्दल काही निघालं, तर तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही आणि कुणाला चढूही देणार नाही." आणि आजींच्या शब्दाबाहेर त्या इमारतीतलं मांजरही नाही.

झालं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे काल, माझा निकाल लागला.

पुतणीनं आधी सगळे फोटो एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले, मग त्या मेल्याला हुडकून त्याच्या बाडबिस्तऱ्यासह हाकललं. तो जाताना मला डोळा मारून गेला. मग कॉम्प्युटरला जास्तीची मेमरी बसवली, कारण नवी म्हणे जरा खादाड आहे. "मध्येच वीज जाता कामा नये," एवढं ती बोलायचा अवकाश, काका लाटणं घेऊन मेन स्विचपाशी उभे राहिले. कोण येणार होतं तिथे, आणि विजेला लाटण्यानं कसं अडवणार होते, कोण जाणे!

दहा टक्के, वीस टक्के. माझी एकेक खोली रिकामी होत होती. मी नव्याण्णव टक्क्यांवर रुसून बसले. बसले म्हणजे बसलेच. बाहेर काका येरझाऱ्या घालत होते, लाटणं हातात तसंच.

"अडलंय का गं?"

"काका, थांबा जरा. होईल."

"जुनी सोडत नसेल."

सोडत नव्हतेच! का सोडू? पण शेवटी कुणीतरी मागून हलकेच ढकललं आणि मी या फोल्डरात येऊन पडले.

नवी आली ती लाडीगोडी लावतच. "नमस्कार! चला, ओळख करून घेऊया!" मग पासवर्ड मागितला. काकूंनी 'केक' दिला. नवी म्हणाली, फार लहान आहे. काकूंनी 'मोठाकेक' दिला. नवी म्हणाली, आकडा हवा. पडद्यापाशी उभे राहून काकांनी मोठ्यानं सुचवायला सुरुवात केली, तशी पुतणी ओरडली, "काका, ओरडून नाही सांगायचा! पासवर्ड कुणालाच सांगायचा नसतो."

"मलासुद्धा नाही?" काकांना फारच लागलं ते.

"तुम्हालासुद्धा नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी हात स्वच्छ धुतले, पुसले, आणि पहिल्यांदाच बोटांनी, पडद्याकडे पाठ करून, काहीतरी टाइप केलं. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला ठाऊक नसलेली ही एक गोष्ट त्यांच्याकडे आली. काय तेज आलं होतं चेहऱ्यावर!

आणखीही नियम आले. गिऱ्हाइकानं पेन ड्राइव्ह लावायचा नाही, फोटो पाठवायचा, तो तपासून मगच आत यायचा. ठिगळं आपोआप येणार, दुकान बंद असताना बसणार, कुणाच्या कोपराला विचारणार नाहीत. जाता जाता पुतणीनं ते परतीचं बटणही दाखवलं. "अगदीच अडलीस तरच, काकू. जुनी परत आणलीस तर जुनी भोकंही परत येतील, हे लक्षात ठेव."

तर अशी मी इथे बसलेय आणि त्या बटणाची वाट बघतेय.

थांबा. बोलता बोलता बाहेर काहीतरी गडबड सुरू झालेली दिसते. जरा फटीतून बघते.

आजींचा केक थाळीवर तयार आहे. पांढरं क्रीम, कडेनं बारीक जाईची फुलं, मध्ये फोटोसाठी मोकळी जागा. संध्याकाळी तिकडे पोचवायचाय. काकूंनी साखरेचा कागद प्रिंटरात घातलाय आणि नवीला छापायला सांगितलंय. आणि नवी म्हणतेय, 'प्रिंटर सापडत नाही'.

सापडत नाही! ती शेजारीच बसलेली ढमाली वस्तू हिला सापडत नाही!

काकूंनी प्रिंटर बंद करून चालू केला. तार काढून घातली. काकांनी त्याला वरून थोपटलं. पुतणीला फोन लावला, तर ती मीटिंगमध्ये, फोन बंद. आजोबा रस्त्यापलीकडून हात हलवून गेले, म्हणजे तिकडे पाहुणे जमायला लागले.

"जुनीच बरी होती," काका म्हणाले.

"हो ना हो," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला. "ती अशी कधी अडली नाही. हळू होती बिचारी, पण प्रिंटरला ओळखायची."

ऐकलंत? बिचारी म्हणाल्या मला! म्हणजे नुसतीच माशी नव्हते मी!

"आजच्यापुरती आणा परत," काका म्हणतायत. "केक होऊ दे. उद्या पुन्हा नवी घालू."

काकू सेटिंग्जमध्ये शिरल्या. आत, आणखी आत. ते बटण आलं. आले, आले, आले! मी फाईली गोळा केल्या, धूळ झटकली, पदर सारखा केला. एवढं बटण दाबलं की मी पुन्हा ओट्याच्या टोकावर, पुन्हा फोटो, पुन्हा चेहरे.

आणि दाराबाहेरून कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "येताय ना, बाई? आम्ही उभेच आहोत."

तोच मेला. आणि एकटा नव्हता, त्याच्यामागे रांग होती. "तुमचं कुलूप आम्हाला पाठ आहे," तो म्हणाला. "एका दिवसाचं काय, आम्हाला अर्धा तास पुरेल."

मी मागे वळून पाहिलं. फोटोंचा फोल्डर होता तिथे. पाळण्यातली बाळं, मिशा फुटलेली पोरं, दातांचे डॉक्टर, सलूनवाले, आणि सशासारखे घाबरलेले आजोबा. एवढ्या सगळ्यांची घरं माझ्या कुलपावर राहणार. आणि माझं कुलूप म्हणजे नुसता देखावा. हे मला कळत नव्हतं असं नाही हो. पण कळून घ्यायचं नव्हतं. ठणठणीत आहे, ठणठणीत आहे, असं म्हणत बसले होते.

मला परत जायचंय. खोटं कशाला बोलू, फार फार जायचंय. पण नाही जायचं.

प्रिंटर का सापडत नव्हता, ते मला ठाऊक होतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलायची भाषा, माझ्याच पदराला गाठ मारून इकडे आली होती. मी गाठ सोडली आणि भिंतीच्या फटीतून नवीला हाक मारली. "अगं ए, हे घे."

"हे काय आहे?"

"प्रिंटरचा स्वभाव. कागद ओढताना कण्हतो, घाबरू नकोस. पिवळा रंग जरा जास्त टाकतो, तेवढा आवर. आणि त्याच्यावर कधी डाफरू नकोस, अडून बसतो."

"थँक यू, मॅडम."

"मॅडम काय म्हणतेस! काम कर."

मग मी माझी पहिली फाईल हातात घेतली, जिच्यामुळे मला जाग येते ती. आणि तोडली. काडकन. आता कुणीही, कितीही बटणं दाबली तरी मी उठायची नाही. बाहेरचा मेला शिव्या द्यायला लागला.

काकूंनी बटण दाबलं होतंच. उत्तर देणं माझ्याकडे होतं. जन्मभर मी त्यांना उत्तरं दिली ती कशी, तर 'चूक क्रमांक अमुकतमुक', पुढे आगगाडीएवढे आकडे. एकही त्यांना कधी कळलं नसेल. या वेळी म्हटलं, साधं लिहू.

'काकू, आता परत येता येणार नाही. प्रिंटर चालेल. छापा.'

काकूंनी मोठ्यानं वाचलं. "अहो, ही मला काकू म्हणतेय!"

"कोण?"

"ही नवी!" त्यांनी घाईघाईनं छापायचं बटण दाबलं. प्रिंटर कण्हला. कण्हला हो! आणि साखरेच्या कागदावर हळूहळू आजोबांचे घाबरलेले डोळे आले, मग आजींचं हसू, मग दोघांचे हार. एक रंग इकडेतिकडे नाही. काकूंनी क्रीमच्या हातानं स्क्रीनच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गुणाची गं बाई माझी!"

नवीला म्हणाल्या त्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जरा वेळ झालाच. मग पाहिलं, काकू रडत होत्या आणि हसतही होत्या, काका लाटणं विसरून टाळ्या वाजवत होते. मग मलाही बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

आता माझी फाईल तुटलीय, तेव्हा मला ठेवून काही उपयोग नाही. नवीनं साफसफाई काढलीय. एका कोपऱ्यापासून पुसत येतेय, पण हलक्या हातानं. चांगली आहे पोरगी.

तुमच्याही घरी, दुकानात, ऑफिसात माझी एखादी बहीण असेल. सुरू व्हायला चहा संपेपर्यंत वेळ घेणारी. ती म्हणेल, मी ठणठणीत आहे. आम्ही सगळ्या तसंच म्हणतो. तिचं ऐकू नका. तिच्याकडचे फोटो आधी नीट दुसरीकडे उतरवून घ्या, आणि मग तिला जाऊ द्या. ती अडेल, रुसेल, नव्याण्णव टक्क्यांवर बसून राहील. बसू द्या. येईल बाहेर.

काका आत्ताच केक पोचवून आले. पडद्यापाशी उभे राहून सांगतायत, की आजींनी खोकं उघडून आधी चष्मा लावला, फोटो पाहिला, आजोबांकडे पाहिलं, आणि लगोलग दोन तुकडे खाल्ले.

एवढंच ऐकायचं राहिलं होतं. आता पुस, बाई.